बाह्यबिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिका मोजल्यावर सारख्या का येत नाहीत?

शिकवणी_तासगाव

दहावीचं 'वर्तुळ' संपवून 'भौमितिक रचना' घेतोय. मुलांना दिलेली रचना अशी: त्रिज्या ३ सेमी, केंद्र के पासून ७.५ सेमी अंतरावर बाह्यबिंदू प. प मधून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढा, स्पर्शिकाखंड मोजून लिहा.

पायथागोरसने उत्तर √(५६.२५ − ९) = √४७.२५, म्हणजे ६.८७ सेमी. वह्यांत मात्र ६.५ पासून ७.३ पर्यंत सगळं सापडतं. एकाच वहीत एक खंड ६.६ आणि दुसरा ७.१. स्पर्शिकाखंडाचं प्रमेय (एकाच बाह्यबिंदूतून काढलेले दोन स्पर्शिकाखंड समान) आदल्या पानावर सिद्ध केलेलं, आणि पुढच्या पानावर पट्टी वेगळंच बोलते. "प्रमेय खरं की पट्टी?" असं मुलं तोंडावर विचारतात.

दोन शंका आणखी. सिद्धतेत बरीच मुलं 'बाकोबा' (बाजू-कोन-बाजू कसोटी) लिहितात, ते कुठे चुकतं हे थोडक्यात कसं सांगावं? आणि वर्गातली निम्मी मुलं पुढे आयटीआयला जाणार. 'हे लागतं कुठं?' याला पुस्तकाबाहेरचं एखादं सरळ उत्तर कुणाकडे आहे का?

लंबदुभाजक (सांगली)

तुमचे आकडे बघूनच सांगतो, मुलांनी रेघ आधी ओढली आणि स्पर्शबिंदू नंतर ठरवला. पट्टी प वर धरायची, फिरवत वर्तुळाला टेकवायची, रेघ मारायची आणि "हां, इथं टेकली" म्हणून ठिपका द्यायचा. रेघ बहुतेक वेळा बरी असते. ठिपका चुकतो.

कारण वर्तुळ स्पर्शिकेपासून फार सावकाश सुटतं. स्पर्शबिंदूपासून रेषेवर य इतकं अंतर गेलात, की रेषा आणि वर्तुळ यांच्यातली फट अंदाजे य² ÷ (२ × त्रिज्या) इतकी असते. तुमच्या ३० मिमी त्रिज्येत १ मिमी गेल्यावर फट १/६० मिमी. ३ मिमी गेल्यावर ०.१५ मिमी. ४ मिमी गेल्यावरसुद्धा फक्त ०.२७ मिमी. पेन्सिलीची रेघच अर्धा मिमी जाड असते, मग दोन्हीकडे चार-चार मिमी, म्हणजे जवळजवळ ८ मिमी लांबीत रेघ आणि वर्तुळ एकमेकांवर चढलेले दिसणार. त्या ८ मिमीतला नेमका कुठला बिंदू, हे डोळ्याला कळायला मार्गच नाही.

आता याचं उलटं करून बघा. रेघ केंद्राकडे फक्त ०.३ मिमी सरकली असं धरा. ती स्पर्शिका राहिली नाही, छेदिका झाली, आणि तिची जीवा ८.५ मिमी भरते. केंद्रातून त्या रेघेवर टाकलेल्या लंबाचा पाद प पासून ६.८९ सेमीवर, आणि दोन छेदबिंदू ६.४६ व ७.३१ सेमीवर येतात. तुमच्या वह्यांमधले ६.५ ते ७.३ ते हेच! पोरांनी मोजमाप बरोबर केलंय, फक्त प्रत्येकाने त्या पट्ट्यातला आपापला बिंदू उचललाय.

म्हणून नियम एकच ठेवा: स्पर्शबिंदू आधी, रेषा नंतर. रेख केप काढा, तिचा लंबदुभाजक काढून मध्यबिंदू म मिळवा. कंपासचं टोक म वर, पेन्सिल के पर्यंत उघडून कंस मारा. तो वर्तुळाला क आणि ख मध्ये छेदतो. मग पक, पख जोडा. कोन केकप अर्धवर्तुळातला, म्हणून काटकोन. आणि त्रिज्येच्या बाह्यटोकातून तिला लंब जाणारी रेषा स्पर्शिका असते.

लंबदुभाजक काढताना कंपासात किती अंतर घ्यायचं, हे पुस्तकात फक्त 'निम्म्यापेक्षा जास्त' एवढंच म्हटलेलं असतं. ७.५ च्या रेखेला ४ सेमी घेतलं तर कंस एकमेकांना तिरके, सुमारे ४१ अंशांत छेदतात आणि छेदबिंदूचा डाग होतो. ५.३ सेमी घेतलं तर बरोबर काटकोनात छेदतात (७.५ ÷ √२). तेव्हा पाच-साडेपाच सांगा, म्हणजे भांडण नको.

शिकवणी_तासगाव

फटीचं गणित फळ्यावर लिहून ठेवण्यासारखं आहे, पोरांना पटेल.

पण दोन-तीन वह्यांत रचना तुम्ही म्हणता तशीच केलेली आहे. म आहे, कंस आहे, सगळं आहे. तरी एकीत ६.९६ आणि ६.७९ अशी मापं. म काढूनसुद्धा पावणेदोन मिमीचा फरक कसा? एकीत दोन्ही खंड ६.९, ती बरोबर धरायची ना?

लंबदुभाजक (सांगली)

६.९६ आणि ६.७९ म्हणजे म हा केप रेषेच्या बाजूला पडलाय, अंदाजे १ मिमी. हिशेब करून पाहिला: म रेषेपासून १ मिमी वर सरकवला, कंस के मधूनच नेला, तर एक खंड ६.९५ आणि दुसरा ६.७९ येतो. जवळजवळ तुमचेच आकडे. एका बाजूचा स्पर्शबिंदू प पासून लांब जातो, दुसऱ्या बाजूचा जवळ येतो.

तोच १ मिमी म केपच्या *दिशेत* सरकला तर काय? दोन्ही खंड ६.९१. सारखेच! आणि चूक ०.३४ मिमी, पट्टीवर जाणवणारसुद्धा नाही. म्हणजे लांबीच्या दिशेतली चूक ही रचना पोटात घालते, आडवी चूक मात्र लगेच बाहेर पडते. त्यामुळे 'दोन्ही खंड सारखे आले' एवढ्यावर पूर्ण गुण देऊ नका. आकृती केपभोवती सममित असली की खंड सारखे येणारच, मग त्या रेषा स्पर्शिका असोत-नसोत. ताळा हवा तर √(अंतर² − त्रिज्या²) शी जुळवा आणि क पाशी गुण्या लावून काटकोन बघा.

आडवी चूक बहुधा केंद्राच्या भोकातून येते. वर्तुळ काढताना कंपास दाबून धरला की भोक मिलिमीटरभर रुंद होतं, आणि नंतर केप रेघ त्या भोकाच्या कडेवरून जाते. केंद्रातून जाणारी रेघ आधी काढायची, तिच्यावर के आणि प खूण करायचे, आणि वर्तुळ त्यानंतर. हा क्रम बदलला की निम्मी वही सुधारते. बाकी कंपासचा स्क्रू ढिला असेल तर त्याला प्रमेयाचा इलाज नाही.

चक्रीय_चौकोन (सातारा)

सिद्धतेचं मी लिहितो.

त्रिकोण पकके नि पखके म्हटलं की मुलं हात सरसावून लिहितात: केक = केख (त्रिज्या), कोन पकके = कोन पखके (काटकोन), केप सामाईक, म्हणून बाकोबा. पण बाकोबात कोन दोन बाजूंच्या *मधला* लागतो. इथे काटकोन आहे क पाशी, म्हणजे केक आणि कप यांच्या मधला. आणि कप हीच तर सिद्ध करायची बाजू. आपल्याकडे आहे केक आणि कर्ण केप. म्हणून कसोटी कर्णभुजा. मुलांना एवढंच विचारा: "काटकोनासमोरची बाजू तुझ्या यादीत आहे का?" आहे, तर कर्णभुजा.

दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती दिसायला सुंदर असते. 'केप हा कोन कपख चा दुभाजक आहे' हे आधीच गृहीत धरायचं आणि कोकोबा (कोन-कोन-बाजू) लावायचं. दुभाजक असणं हा या एकरूपतेचा *निष्कर्ष* आहे. पक्षात ते दिलेलं नाही.

खरं तर नुसती लांबी सारखी दाखवायची तर एकरूपता लागतच नाही. पक² = केप² − केक², पख² = केप² − केख², त्रिज्या समान, झालं. कोन दुभागला जातो हे हवं असेल तेव्हा एकरूपता काढा.

आणि कारणं लिहिताना प्रमेय कुठलं नि व्यत्यास कुठला, याचा घोळ. 'स्पर्शिका आहे, म्हणून त्रिज्येला लंब' हे प्रमेय. 'लंब आहे, म्हणून स्पर्शिका' हा व्यत्यास. सिद्धतांमध्ये बहुतेक प्रमेय लागतं, रचनेचं समर्थन करताना नेहमी व्यत्यास. केंद्राचा वापर न करता स्पर्शिका काढायची रचना असते तिथे वेगळाच व्यत्यास लागतो, स्पर्शिका-छेदिका कोनाचा. तिथली नेहमीची चूक म्हणजे कोन जीवेच्या भलत्या बाजूला काढणं. अंतर्लिखित कोनाचा शिरोबिंदू जीवेच्या ज्या बाजूला, त्याच्या *विरुद्ध* बाजूला स्पर्शिकेचा कोन आला पाहिजे. त्याच बाजूला काढला तर रेघ वर्तुळाच्या आत शिरते (कोन काटकोनच असेल तर गोष्ट वेगळी), आणि तरी काही मुलं तिला स्पर्शिका म्हणून नाव देतात.

एक गोष्ट प्रश्न काढणाऱ्यांसाठी. बाह्यबिंदू वर्तुळाच्या फार जवळ देऊ नका. म केंद्र असलेला कंस मूळ वर्तुळाला ज्या कोनात छेदतो, त्या कोनाचा कोसाइन त्रिज्या ÷ अंतर इतका असतो. ३ आणि ७.५ ला तो कोन ६६ अंश, छेद स्वच्छ. ३ आणि ३.३ दिलंत तर जेमतेम २५ अंश, दोन कंस एकमेकांना घासत जातात आणि छेदबिंदूची जागा पुन्हा डोळ्यावर येते. अंतर त्रिज्येच्या दुप्पट ठेवलं की ६० अंश, त्याहून कमी नको.

युक्लिडची रचना वेगळी आहे. तो केंद्र के धरून प मधून जाणारं मोठं वर्तुळ काढतो, केप आतल्या वर्तुळाला जिथे छेदते तिथे लंब उभा करतो, तो लंब मोठ्या वर्तुळाला मिळाला की तिथून के ला रेघ. ती आतलं वर्तुळ जिथे कापते तो स्पर्शबिंदू. वाटतं, ही जवळच्या बिंदूला बरी पडेल. पण तो लंब मोठ्या वर्तुळाला ज्या कोनात छेदतो त्याचाही कोसाइन त्रिज्या ÷ अंतरच! पळवाट नाही. अडचण रचनेत नाही, बिंदूच्या जागेत आहे.

कुपवाड_फिटर

आयटीआयच्या पोरांसाठी माझ्याकडून.

पहिलं हत्यार सेंटर स्क्वेअर. गोल सळईच्या तोंडावर केंद्र काढायचं असतं तेव्हा हे लावतात. दोन पाय काटकोनात, मधे पट्टी. दोन पाय सळईला टेकले की त्या झाल्या दोन स्पर्शिका, पट्टी त्यांच्या कोनाची दुभाजक, आणि दुभाजक केंद्रातून जातो. एक रेघ मारायची, सळई पाव फेरा फिरवायची, दुसरी रेघ मारायची. छेद म्हणजे केंद्र. सातारच्या सरांनी लिहिलेला कोनदुभाजकाचा भाग तो हा. सळई ९० अंशांऐवजी दहा-वीस अंशच फिरवली तर रेघा तिरक्या छेदतात आणि पंच भलतीकडे पडतो. कापलेल्या तोंडाच्या कडेला बर (कापताना उरलेली धातूची खरबरीत कड) राहिली तर पाय सळईवर न टेकता बरीवर टेकतो, म्हणून आधी कानस मारायची.

दुसरं, पट्टा. शिराळ्याकडचं गुऱ्हाळ धरा: घाण्याची पुली १२० सेमी व्यासाची, मोटरची २० सेमी, दोन केंद्रांत अंतर १३० सेमी. पट्ट्याचा सरळ भाग म्हणजे दोन वर्तुळांची सामाईक स्पर्शिका. दोन्ही टोकांना त्रिज्या तिला लंब, म्हणून लहान पुलीच्या केंद्रातून पट्ट्याला समांतर रेघ काढली की काटकोन त्रिकोण मिळतो: कर्ण १३०, एक बाजू ६० − १० = ५०, उरलेली बाजू १२०. सरळ भाग १२० सेमी, असे दोन. वर मोठ्या पुलीवर २२५.२४ अंशांचा आणि लहानीवर १३४.७६ अंशांचा कंस. २४० + २३५.९ + २३.५ करून पट्टा ४९९.४ सेमी.

क्रॉस पट्टा टाकला तर वजाबाकीऐवजी बेरीज: √(१३०² − ७०²) = १०९.५. दोन्ही पुल्यांवर वेढा २४५ अंश, एकूण ५१८.६ सेमी. पुली उलटी फिरते आणि फुलीपाशी पट्टा पट्ट्याला घासून झिजतो, हे विसरायचं नाही.

पट्टा सटकण्याचं कारणही याच त्रिकोणात आहे. लहान पुलीवर वेढा १३५ अंशसुद्धा नाही. मोटर मागे सरकवून अंतर वाढवलं की ५० समोरचा कोन कमी होतो, वेढा वाढतो. जागा नसेल तर ढिल्या बाजूला, लहान पुलीजवळ बाहेरून ताणपुली दाबायची. ढिली बाजू वर ठेवली तर पट्टा स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि वेढा आपोआप थोडा वाढतो. खाली ठेवली तर उलट.

चक्रीय_चौकोन (सातारा)

पट्ट्याच्या त्रिकोणावरून एक गणित वर्गात घ्या. दोन पुल्या एकमेकींना टेकेपर्यंत जवळ आणा. अंतर झालं दोन त्रिज्यांची बेरीज. क्रॉस पट्ट्याचा सरळ भाग शून्य होतो, म्हणजे ती रेषा स्पर्शबिंदूतली सामाईक स्पर्शिका. आणि साध्या पट्ट्याचा सरळ भाग २√(दोन त्रिज्यांचा गुणाकार). त्रिज्या ९ आणि ४ असतील तर १२. स्पर्शवर्तुळांच्या प्रमेयावर परीक्षेत येणारी निम्मी गणितं यातून निघतात.

साताऱ्याच्या पोरांना मी अजिंक्यतारा किल्ला सांगतो, स्पर्शिका-छेदिका खंडांच्या प्रमेयासाठी (स्पर्शिकाखंडाचा वर्ग = छेदिकेचा बाहेरचा खंड × पूर्ण छेदिका). समुद्रसपाटीपासून उंची साधारण १ किमी धरा, पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी. नजर क्षितिजाला टेकते ती स्पर्शिका. तिचा वर्ग = १ × १२,७४३, म्हणजे क्षितिज ११३ किमीवर. हे भोवती समुद्र असता तर! पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आडवा आहे, त्यामुळे छेदिका-बिदिका काढण्याआधीच नजर अडते.

शिकवणी_तासगाव

पट्टा उद्याच घेतो. २√(गुणाकार) चा वर्कशॉपमध्ये सरळ उपयोग आहे का? म्हणजे मोठा रोलर, व्यास व्हर्निअरमध्ये मावत नाही, शेजारी माहीत असलेला लहान रोलर ठेवला, आणि खाली दोघे जिथे टेकतात त्या दोन बिंदूंतलं अंतर मोजलं, तर मोठ्याची त्रिज्या निघेल ना?

कुपवाड_फिटर

निघेल कागदावर. पण टेकलेला बिंदू मोजायचा कसा? वर सांगलीच्या सरांनी तेच तर सांगितलं, ३० मिमी त्रिज्येला ८ मिमी धूसर पट्टा. मोठ्या रोलरला तो आणखी लांब होतो. रोलरखाली पट्टी घालून 'इथं टेकला' म्हणणारा माणूस मिलिमीटरमध्ये चुकतो.

टेकलेल्या बिंदूंना हातच लावायचा नाही. दोन्ही रोलर सरफेस प्लेटवर (मापासाठीची अगदी सपाट प्लेट) एकमेकांना टेकवून ठेवा, दोन्ही बाहेरच्या कडांना दोन गुण्ये उभे करा आणि गुण्यांमधलं अंतर घ्या. ते अंतर = मोठी त्रिज्या + लहान त्रिज्या + २√(गुणाकार). हा तर दोन वर्गमुळांच्या बेरजेचा वर्ग आहे. म्हणून √मोठी = √अंतर − √लहान. अंतर २५ सेमी भरलं, लहान त्रिज्या ४ सेमी: ५ − २ = ३, मोठी त्रिज्या ९ सेमी. या मापांत अंतरात ०.१ मिमी चुकलात तर त्रिज्येत ०.०६ मिमीच चूक येते.

गुण्ये प्लेटला खरोखर काटकोनात आहेत का ते आधी बघा, आणि रोलर एकमेकांना समांतर ठेवा. तिरके राहिले तर माप चुकतं.

लंबदुभाजक (सांगली)

सुंदर. एक अट जोडतो, नाहीतर कुणी फार बारीक रोलर घेईल. लहान रोलर मोठ्याच्या पोटाखाली शिरला तर त्या बाजूचा गुण्या त्याला न लागता मोठ्यालाच लागतो, आणि मापात नुसता मोठ्याचा व्यास येतो. लहान त्रिज्या मोठीच्या ०.१७२ पटीपेक्षा जास्त हवी. हा आकडा (√२ − १)² आहे: प्लेट आणि मोठ्या रोलरला टेकलेला उभा गुण्या, यांच्या कोपऱ्यात मोठ्या रोलरच्या खाली जेमतेम मावणारा रोलर. ९ सेमीला सुमारे १.५४ सेमी, तेव्हा तुमचा ४ सेमीचा निर्धास्त चालेल.